तलाकनंतरचे आईबाप

नरखेड तालुक्यात माझ्या नात्यातल्या एका जोडप्याचा तलाक झाला. बैठकीत मेहर, जहेज, इद्दतचा खर्च, सगळ्याचा हिशेब झाला. मुलाची फी कोण भरणार, ईद कुणाकडे, आजारपणात कळवणार कोण, हे कुणी विचारलं नाही. आता आठ वर्षांचं पोरच दोघांचे निरोप पोहोचवतं.

सूरह बकराची 233वी आयत सांगते, मुलावरून ना आईला त्रास व्हावा, ना बापाला. बाळाचं दूध तोडायचं तेही दोघांच्या राजीखुशीने, सल्लामसलतीने. 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, पण ते न्यायालय नागपुरात. मग तलाकच्या बैठकीतल्या बुजुर्गांनीच महिन्यातून एकदा दोघांना समोरासमोर बसवावं. विषय एकच, मुलगा. जुनी भांडणं निघाली की तिथेच थांबवावं. येत्या ईदच्या आधी सुरुवात करा, असं मी त्यांना सांगितलंय.