गागोद्याच्या वाटेवर स्टेअरिंग जड झाले तेव्हा

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण त्याच पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव, हे मुंबईतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते येथे जन्मले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरची मंडळी हे गाव पाहायला निघालो. गाडी आमच्या भाच्याची. तो भाडी मारतो, त्यावरच घर आणि गाडीचा हप्ता चालतो. पेण मागे पडले, भाताची खाचरे लागली, डोळे निवाले. तोच एका वळणावर भाचा म्हणाला, "मामा, स्टेअरिंग फिरेना!" लगेच बॅटरीचा लाल दिवाही लागला. मागे आक्का आणि लहान मुले!

पॉवर स्टेअरिंग गेले म्हणजे स्टेअरिंग तुटले असे नव्हे. चाकांशी असलेली जोडणी कायम राहते. फक्त मदतीचा हात सुटतो. दोन्ही हातांनी जोर लावला की गाडी वळते. वेग उतरेल तसे ते आणखी जड लागते, म्हणून घाबरून चालत्या गाडीची चावी मात्र काढू नये. स्टेअरिंग लॉक होऊ शकते. भाच्याने दातओठ खाऊन गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडले तर पट्ट्याच्या चिंध्या! या गाडीत एकच पट्टा स्टेअरिंगचा पंप आणि डायनामो दोन्ही फिरवतो, म्हणून दिवा आणि जडपणा एकदम आले. काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. तशीच दामटली तर इंजिन तापून बसते. आम्ही पेणहून मेकॅनिक येईपर्यंत झाडाखाली थांबलो. विनोबांची भूदानाची पायपीट १९५१ सालची, आणि अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने पॉवर स्टेअरिंगची मोटार बाजारात आणली तीही १९५१ सालीच, हे आठवून हसू आले. नवा पट्टा बसला आणि दुपार कलता कलता आम्ही गागोद्यात पोहोचलो. गाव शांत, हिरवेगार. मुलांना विनोबांच्या चालण्याच्या गोष्टी तिथेच सांगितल्या.

पट्टा शाबूत असेल तर स्टेअरिंग ऑइलची टाकी पाहावी. ऑइल कमी असेल तर पाइपांचे सांधे ओले आहेत का तपासावे. फेस दिसला तर आत हवा शिरली आहे. वळवताना पंप कण्हत असेल तरी संशय ऑइलवरच. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच ऑइल घालावे, ब्रेक ऑइल मुळीच नाही. पुढचे चाक बसले असले तरी स्टेअरिंग जड होते, हेही आधी बघावे.

नव्या गाड्यांत बहुधा ऑइल नसतेच, विजेची मोटर असते. तिथे समोर स्टेअरिंगचा दिवा लागतो. गाडी उभी करून इंजिन एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. मग बॅटरीची टोके, फ्यूज, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पाहाव्यात. भाच्याच्या ओळखीच्या एका चालकाला गॅरेजवाल्याने सबंध रॅक बदलायला सांगितला होता. निघाला साधा फ्यूज. रॅक म्हणजे कित्येक हप्त्यांचे पैसे. तेव्हा होकार देण्याआधी स्कॅनर लावायला सांगावे आणि त्यात कोणता कोड आला, तो कागदावर लिहून घ्यावा.