आवाज बदलला म्हणून…

मैत्रिणींनो, आपल्या आवडीचा गायक म्हातारा झाला, त्याचा आवाज उतरला, किंवा ज्या गाण्यावर आपला जीव तेच कुणी नव्या वाद्यांच्या थाटात म्हणू लागलं, तर तुम्ही काय करता? ऐकणं सोडून देता? मी देत होते. आमच्या मोठ्या आईंबरोबर सातारा ते सांगली असा एक दिवसाचा प्रवास झाला आणि मला माझीच थोडी लाज वाटली.

मोठ्या आई म्हणजे माझ्या आजेसासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. बालगंधर्व म्हणजे त्यांचं दैवत. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' हा चित्रपट आला तेव्हा आम्ही सगळे त्यांना घेऊन गेलो. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. मध्यंतरात त्या म्हणाल्या, "हे काही माझं मानापमान नव्हे गं बाई!" मी लगेच पर्स उचलली, म्हटलं, "चला मग, घरी जाऊ." तर हाताला धरून मला खाली बसवलं. शेवटपर्यंत पाहिलं आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "मला एकदा नागठाण्याला ने. तिथं माझं एक देणं राहिलंय."

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "नागठाणे? अर्ध्या तासात पोचाल की! हायवेवरच तर आहे." झाली का पंचाईत! साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना लागतं ते नागठाणे वेगळं. बालगंधर्वांचं नागठाणे सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी. तुम्ही निघालात तर कंडक्टरला तालुका सांगायला विसरू नका हं!

आम्ही रेल्वेनं निघालो. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर, माहुलीकडे. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कंदी पेढे. (दूध चांगलं आटवून खवा खरपूस भाजलेला असतो, म्हणून हे पेढे प्रवासात बरे टिकतात.) कऱ्हाड मागं पडलं, दोन्ही बाजूंनी उसाचे हिरवेगार फड सुरू झाले आणि किर्लोस्करवाडी आली. मोठ्या आईंनी खिडकीतून हात जोडले. म्हटलं, "इथं देऊळ कुठंय?" म्हणाल्या, "अगं, आमचं 'स्त्री' मासिक इथूनच निघायचं." १९३० साली ते इथं सुरू झालं, कारखान्याच्या गावात. बायकांना वाचायला काही हवं, हे तेव्हा कुणाला तरी वाटलं, म्हणूनच आज तुम्ही-आम्ही अशा बोलतोय.

भिलवडीला उतरून रिक्षानं नागठाण्याला गेलो. गाव आपल्याकडच्या कुठल्याही नदीकाठच्या गावासारखं. २६ जून १८८८ ला नारायण श्रीपाद राजहंस इथं जन्मले. १९०५ मध्ये जवळच्या मिरजेत ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. ऑर्गन, सारंगी आणि तबल्यावर साक्षात अहमदजान थिरकवाँ! शालू-पैठण्यांचा थाट तर असा, की घरंदाज बायका नेसण्याची ढब त्यांची पाहून उचलत.

नदीकडे तोंड करून मोठ्या आई बसल्या आणि त्यांनी देणं काय ते सांगितलं.

त्या चौदा-पंधरा वर्षांच्या असताना वडील त्यांना बालगंधर्वांचं गाणं ऐकायला घेऊन गेले. घरी त्यांच्या जुन्या तबकड्या होत्या, त्यातला मधाळ आवाज कानात भरलेला. समोर बसलेले मात्र थकलेले गृहस्थ. आवाज दमलेला, वर जाता जाता मध्येच तुटणारा. मागची माणसं उठून जाऊ लागली. "मला मेलीला लाज वाटली. मी वडिलांचं धोतर ओढलं, म्हटलं, चला ना, हे ते नव्हेत. वडील हलले नाहीत. शेवटी उभे राहून नमस्कार केला. वाटेत एवढंच म्हणाले, 'आवाज गेला, गाणं गेलं नाही. तू आवाज ऐकत होतीस.'"

एवढं बोलून त्यांनी पाण्याला नमस्कार केला. मी शेजारी गप्प. थेटरात पर्स उचलणारी मी मला आठवत होते.

दुपारी सांगली गाठून थेट हरिपूरला गेलो. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. याच सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. संगमेश्वराच्या पायरीवर बसून मी मनात हिशेब मांडला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, साक्या-दिंड्यांच्या, कीर्तनातल्या चालींचं. १९११ मध्ये 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी बंदिशी-ठुमऱ्यांच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६ मध्ये 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी भारदस्त राग आणले. १९३१ च्या 'कान्होपात्रा'त भक्तीचा सूर आला. १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा'त अभिषेकीबुवांनी पुन्हा नवी वाट काढली. म्हणजे बघा, आपण ज्याला 'जुनं' म्हणून कवटाळतो, ते त्याच्या काळी नवंच होतं! 'शाकुंतल'वर वाढलेल्या एखाद्या आजोबांनीही 'मानापमान' ऐकून नाक मुरडलं असेल.

म्हणून सगळंच नवं चांगलं, असं मी म्हणत नाही. मोठ्या आईंना तो चित्रपट आवडला नाही तो नाहीच. त्यांनी तो आवडल्याचं नाटकही केलं नाही. पण उठूनही गेल्या नाहीत. मला वाटतं, माया करणं ते हेच. न आवडलेलं न आवडलं म्हणावं, पण जागा सोडू नये.

माहुलीला वेण्णा जिला मिळते, तीच कृष्णा हरिपूरला वारणेला घेते. पात्र बदललं, पाण्याचा रंग बदलला, नाव मात्र कृष्णाच.

संध्याकाळी तिथं मोठ्या आई गुणगुणू लागल्या. घरी रोज पहाटे त्या भूपाळी म्हणतात. आवाज कापतो, ओळी विसरतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात, आणि डब्यांच्या घाईत मी खुशाल स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. हरिपूरला दार नव्हतं. मी पूर्ण ऐकलं. सूर तीन ठिकाणी हलला, पण गाणं कुठंच हललं नाही.

तुम्हीही जाऊन या. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं. मुक्काम केलात तर मिरजेत तंबोरे-सतारी घडवणाऱ्यांची गल्ली आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जिथं विसावलेत तो मीरासाहेबांचा दर्गा जरूर पाहा. येताना भडंग आणि वर्षाची हळद आणा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस गात असेल, तर उद्या सकाळी दार उघडं ठेवा. मी ठेवलंय.