ॲरो नदीच्या वाळूंत

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत क्वीन्सटाउन नांवाचें सरोवरकांठचें शहर आहे. प्रवाशांची रीघ असते ती तेथें. परंतु तेथून सुमारें २० किलोमीटरांवर असलेल्या ॲरोटाउन या चिमुकल्या गांवीं आम्ही गेलों तें एका निराळ्याच हौसेनें. नदीची वाळू धुवून सोनें काढण्याच्या. वाचकांनीं हंसूं नये. या देशांत कांहीं नद्यांचे ठराविक भाग सर्वसाधारण लोकांसाठीं मोकळे ठेविलेले असून तेथें परवान्याची गरज लागत नाहीं. ॲरो नदीचा कांठ त्यांपैकींच एक. अट एवढीच, कीं हत्यारें हातानें चालविण्याचीं असावींत, मोटारीचें यंत्र आणूं नये.

या नदींत सोनें सांपडलें तें १८६२ सालीं. तें प्रथम पाहण्याचा मान मेंढ्यांची लोंकर कातरणाऱ्या जॅक टेवा या माओरी गृहस्थास देतात. त्याच वर्षीं विल्यम फॉक्स हा आपल्या सोबत्यांसह येथें सोनें काढूं लागला, आणि वसाहतीस आरंभीं नांव पडलें तें फॉक्सचें. टेवाचें पडलें नाहीं, हें आमच्या मतें नवल नव्हे. सोन्याच्या इतिहासांत असेंच चालतें.

साहित्य थोडें : एक उथळ परात आणि लहानसें फावडें. परात गांवांतील लेक्स डिस्ट्रिक्ट म्युझियममध्यें भाड्यानें मिळते. खरी विद्या पुढेंच. सोनें पाण्याच्या सुमारें १९ पट जड, गारगोटी मात्र अडीच-पावणेतीन पटच. म्हणून ओघ जेथें मंदावतो तेथें सोनें प्रथम बसतें. मोठ्या धोंड्याची खालची बाजू, वळणाचा आंतला कांठ, तळच्या खडकाच्या भेगा, हीं त्याचीं घरें. तेथील खडी परातींत घ्यावी, परात पाण्याखालीं धरून चिखल बोटांनीं मोडावा, मोठे खडे वेंचून टाकावे, आणि मग परात डावीउजवीकडे हलवावी. जड तें तळाशीं जातें. मग परात किंचित् कलती करून वरचा थर पाण्याबरोबर जाऊं द्यावा, पुन्हा हलवावी, पुन्हा जाऊं द्यावा. घाई येथें कामाची नाहीं.

आमच्या मंडळींत या कामीं पहिला क्रमांक लागला तो वहिनींचा. ज्या हातांनीं आयुष्यभर तांदूळ रोळले, त्यांना ही लय शिकवावी लागली नाहीं. मात्र रोळतांना तांदूळ वर येऊन निघतो व खडा मागें राहतो. येथें ज्याला आपण खडा समजून टाकतों त्याच जागीं धन असतें, असें त्या म्हणाल्या. पुण्यामुंबईच्या सराफकट्ट्यांवरील माती धुवून कण टिपणाऱ्या झारेकऱ्यांची त्यांनीं तेव्हां आठवण काढली. त्यांची विद्याही हीच.

शेवटीं परातींत चिमूटभर काळी वाळू उरते. तींतील लोहकण चुंबकानें ओढून घेतां येतात. ओटागोचा खडक अभ्रकानें भरलेला असल्यामुळें नवशिक्यास पदोपदीं सोन्याचा भास होतो. खूण अशी, कीं अभ्रक परात फिरवितांच लुकलुकतें आणि पाण्याबरोबर तरंगत जातें. सोनें सावलींतही तोच पिवळेपणा राखतें आणि हलत नाहीं. बर्फाच्या पाण्यांत अर्धा दिवस हात बधिर करून आम्हांस मोहरीहूनही बारीक असे थोडे कण मिळाले. आनंद मात्र त्या मानानें फारच मोठा झाला.

गांवाच्या टोंकाला, नदीलगतच्या एका ओहोळाकांठीं, चिनी खाणकऱ्यांच्या वस्तीचे अवशेष जपून ठेविले आहेत. वेस्ट कोस्टवर नवें सोनें सांपडल्यावर गोरे खाणकरी तिकडे धांवले, तेव्हां ओटागोनेंच १८६६ पासून चिन्यांस बोलाविलें. इतरांनीं टाकून दिलेली वाळू त्यांनीं पुन्हा धुतली. आम्हीं एक दिवस खेळ म्हणून केलें तेंच त्यांनीं वर्षानुवर्षें, याच थंड पाण्यांत उभे राहून, घरीं पैसे धाडण्यासाठीं केलें. मोबदला काय, तर १८८१ च्या कायद्यानें येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांची डोईपट्टी बसली, आणि १८९६ मध्यें ती १०० पौंड झाली. ती रद्द झाली १९४४ सालीं. सरकारनें तिजबद्दल क्षमा मागितली ती २००२ मध्यें. कित्येकांस म्हातारपणींही परतीचें भाडें जमलें नाहीं.

त्या झोंपड्या दगडामातीच्या, एकेका माणसापुरत्या. आंत जाऊन पाहतां येतें. वहिनी बराच वेळ आंतच होत्या.