पोपटीसोबत काय प्यावं?

थंडीत पेण-रोह्याकडे वीकएण्ड ठरला की पोपटी मस्टच! वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरायचा, मडकं उलटं करून जाळात. पाण्याचा थेंबही नाही. यंदा रोह्यातल्या मैत्रिणीच्या शेतावर मी सोबत तीन ग्लास लावले.

नाशिकची शेनिन ब्लाँ: थंडगार, फळांच्या वासाची. पण भांबुर्डीच्या उग्र वासापुढे बिचारी बुजली.

गोझ: मूळ जर्मनीतल्या गोस्लारची आंबट बिअर. तिच्यात मीठ आणि धणे असतातच, त्यामुळे शेंगांशी छान जमलं. पेणच्या पोह्याच्या पापडासोबत तर भन्नाट!

तिसरी ताडी. सकाळी गोडसर होती, मडकं उघडेपर्यंत फेसाळून मस्त आंबट. पोपटीला हीच शोभली, बॉस! ब्रसेल्सजवळची लॅम्बिक हवेतल्या यीस्टवर आंबते, याचं आपल्याला केवढं कौतुक. ताडीही तशीच आंबते, तीही काही तासांत. पण ती टिकत नाही. उद्यापर्यंत व्हिनेगरच्या वाटेला लागते. म्हणून तिच्यासाठी रोज कुणीतरी ताडावर चढावं लागतं. चढणारे थांबले, की ही चव संपली.

फक्त परवान्याच्या दुकानातूनच घ्या, क्लोरल हायड्रेटची भेसळ जिवावर बेतते. आणि गाडी चालवणाऱ्याला कोकम सरबत!