आधी तापमान लिही

समुद्रतळाची चित्रं वाचण्यात माझी उभी हयात गेली. त्या कामाचा पाया घातला तो समुद्रापासून शेकडो कोस दूर, वर्ध्यात, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सरांनी.

प्रॅक्टिकलला रेझोनन्स ट्यूब असायची. वाजवलेला ट्यूनिंग फोर्क नळीच्या तोंडाशी धरायचा, पाणी खालीवर करत आवाज कुठे घुमतो ते टिपायचं आणि त्यावरून ध्वनीचा वेग काढायचा. उत्तर आलं की आम्ही वही पुढे करायचो. सर उत्तर बघायचेच नाहीत. "बाबू, तापमान कुठं लिहिलं?" हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात सकाळचं नि दुपारचं उत्तर एक येईलच कसं? कुठून आणि कशा हवेत ऐकलं याची नोंद नसेल, तर ऐकलेल्याला किंमत नाही, हे सरांनी अंगी मुरवलं.

पुढे ध्वनीने समुद्रतळाचं चित्र काढणाऱ्या सिंथेटिक अ‍ॅपर्चर सोनारशी गाठ पडली. साध्या साइड स्कॅन सोनारचं चित्र अंतर वाढेल तसं पसरट होतं. इथे सोनार वाहणारं पाण्याखालचं यान पुढे सरकताना ठिकठिकाणी ऐकलेले प्रतिध्वनी एकत्र जुळवतात. त्यामुळे लहानसा ग्राहक लांबलचक ग्राहकाचं काम करतो आणि दूरचा तपशीलही तितकाच बारीक मिळतो. मात्र प्रत्येक प्रतिध्वनीच्या वेळी यान नेमकं कुठे होतं, हे ठाऊक हवं. १०० किलोहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. जागा तिच्या काही अंशाने चुकली तरी चित्र विस्कटतं. पाण्यातला ध्वनीचा वेगही तापमान, क्षारता आणि दाबाप्रमाणे बदलतो. सरांचा प्रश्न तिथेही माझ्यापुढे उभा होता.

२२ जुलै २०१६ रोजी वायुसेनेचं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाने ३,४०० मीटर खोलीवर याच सोनारसह बहुकिरण सोनार आणि कॅमेरा वापरून तळ धुंडाळला. चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर दिसलेले अवशेष एएन-३२ शी जुळतात, असं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. त्या मोहिमेत मी नव्हतो. पण बातमी वाचताना सरांची फार आठवण झाली. साडेसात वर्षं वाट पाहिलेल्या घरांना दाखवायचं चित्र नुसतं स्पष्ट असून चालत नाही, त्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. तो विश्वास नोंदींतून येतो.

आज नवी मुलं चित्र घेऊन येतात, तेव्हा मी आधी यानाच्या मार्गाची आणि ध्वनिवेगाची नोंद मागतो. ती चोख असेल तरच चित्र उघडतो. सरांचं ऋण फिटणारं नाही. ही शिस्त या मुलांच्या हाताला लावणं, एवढंच मला जमण्यासारखं आहे.