दहा आठवड्यांचे काम

उन्हाळ्याच्या सुटीत आमची नातवंडे पुण्याहून केनवडास आली असता, एके दुपारी ओसरीवर हशा पिकला. लॅपटॉपवर ‘डूम’ नामक 1993 सालचा गाजलेला खेळ चालू होता. मात्र मूळचा संगणकावरील नव्हे, तर ‘थ्रीडीओ’ ह्या खेळयंत्राकरिता घाईने उतरविलेला. चित्र लहानशा चौकटीत कोंडलेले, आणि चौकट वाढविताच चाल अडखळे.

“आजोबा, शंभरांपैकी गुण किती?” थोरल्याने विचारले. आमचा लाल शाईचा हात अद्याप गेलेला नाही. “नापास” म्हणून आम्ही मोकळे झालो.

मग त्यानेच हकीकत सांगितली. रेबेका हाइनमन ह्या बाईंकडे काम आले, तेव्हा मुदत अवघी दहा आठवडे. बरेचसे तयार आहे असे त्यांस सांगण्यात आले होते; प्रत्यक्षात काहीच नव्हते. शस्त्रांची चित्रे काढली की ती खेळात आपोआप चालू लागतात, अशी प्रकाशकाची समजूत! संगीताची व्यवस्था लिहिण्यास वेळ नसल्याने ते वादकांकडून वाजवून घेतले. पुढे लोकांनी तेच वाखाणले. बाईंनी 2014 साली सारी संहिता जगापुढे उघडी ठेविली.

आम्हांस एक वही आठवली. शब्दरूपे अर्धवट, म्हणून आम्ही ती वर्गात उंच धरून दाखविली होती. वर्ग असाच हसला होता. पुस्तक त्या मुलाच्या हाती आदल्या रात्री आले होते, हे आम्हांस फार मागाहून कळले. तोवर त्याने संस्कृत सोडले होते.

“चौकट लहानच ठेव,” आम्ही नातवास म्हटले, “आणि पुन्हा पहिल्यापासून दाखव.”