मी जरा चालून येते!

"आई, उन्हाळ्यात इकडे आलीस की तुला ॲपलाचियन ट्रेलवर नेणार हं," असं लेक न्यू जर्सीहून फोनवर म्हणाली, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं. मला वाटलं, असेल एखादी बाग! मग कळलं की ती डोंगरातली पायवाट आहे. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी, जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटरची! बेंटन मॅकाय या गृहस्थांनी १९२१ साली कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पुरी झाली.

"जिना चढताना गुडघे धरतेस आणि डोंगर कसला चढतेस?" इति हे.

आता सगळी थोडीच चालायची आहे! न्यू जर्सीत तिचा ७२ मैलांचा तुकडा आहे. त्यातला डेलावेअर वॉटर गॅपपासून सनफिश पाँडपर्यंतचा चढ आम्ही निवडला. हिमनदीनं कोरलेलं ते डोंगरमाथ्यावरचं तळं एका दिवसात पाहून परतता येतं.

तयारी म्हणून एका पहाटे अजिंक्यताऱ्याकडे निघाले. दुसऱ्याच वळणावर धाप लागली. दगडावर बसले, नि तशीच घरी आले. कुणाला काही बोलले नाही. लेकीला "नको गं" कळवायचं मनात ठरवूनही टाकलं.

त्याच रात्री तिनं एमा गेटवूड या आजीबाईंची गोष्ट सांगितली. अकरा मुलांची आई, नवऱ्याचा मार सोसत संसार केलेली. १९५४ साली त्या एकट्याच ह्या वाटेवर निघाल्या, पण वाट चुकली, चष्मा फुटला, परत यावं लागलं. पुढच्या वर्षी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुलांना "जरा चालून येते" एवढंच सांगून पुन्हा निघाल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा! सबंध वाट त्यांनी पुरी केली. म्हटलं, ती बाई परत आली, तशी मीही आले. त्यात लाजायचं काय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. रोज एक वळण पुढे. महिन्याभरात गडाचा दरवाजा गाठला!

बाकीची तयारीही चालू आहे. नवे बूट आत्तापासूनच घालून मऊ करतेय, म्हणजे ऐनवेळी फोड यायला नकोत. तिकडे गवतात गोचिडी असतात, त्यांच्या चाव्यानं लाईम नावाचा आजार होतो. म्हणून फिकट रंगाची विजार मोज्यात खोचायची आणि घरी आल्यावर अंग नीट तपासायचं. वाट चुकू नये म्हणून झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं समजायचं. अस्वलं असतात म्हणून खाऊचा कण मागे टाकायचा नाही. शेंगदाण्याची चिक्की नि तिखटमिठाच्या पुऱ्या मात्र नेणार.

राहता राहिलं घर. ह्यांना कुकर लावायला शिकवला. पहिला भात करपला, दुसरा जमला. पण सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. नणंद महिनाभर यायला तयार होती, तरी माझा पाय निघेना. एकदा भीत भीत विषय काढला.

सासूबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "दरवर्षी लोणंदला पालखीचं दर्शन घ्यायची. दिंडीबरोबर पंढरपूरपर्यंत चालावं असं फार वाटायचं. पण कधी बाळंतपण, कधी पाहुणे. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता पायच गेले." मग वात बाजूला ठेवून म्हणाल्या, "तू जा. पुढच्या वर्षावर टाकू नकोस."

मला काही बोलताच येईना. उठून लेकीला फोन लावला आणि सांगितलं, "तिकीट काढ."